पळणाऱ्यांची बाग

खुर्चीचं पुढचं चाक पुन्हा दगडांच्या फटीत अडकलं. नुन्झियाने क्षणभर दम घेतला आणि मागून जोर लावून ते बाहेर काढलं.

"जड झालोय मी," साबातो म्हणाला.

"झालास खरा. माझ्याच हातचं खाऊन."

त्यांचं गाव तोर्रे अन्नुन्झियाता इथून हाकेच्या अंतरावर. तरी पोम्पेच्या या पडक्या गल्ल्यांत दोघं आली होती ती लग्नानंतर एकदाच. आज सकाळी साबातोनेच हट्ट धरला होता. महिन्याचा पहिला रविवार आहे, तिकीट लागत नाही, एकदा ने मला. नुन्झियाला नवल वाटलं. एरवी तो स्वतः बाहेर पडत नसे आणि कुणाला घरातसुद्धा येऊ देत नसे.

शेवयांच्या कारखान्यात शिडीवरून पडला, तेव्हापासून अकरा वर्षं तो असाच खुर्चीत होता. पाठीचं हाड मोडलेलं नव्हतं. एक डॉक्टर म्हणाला, हळूहळू चालू लागेल. दुसरा म्हणाला, नसांचं काही सांगता येत नाही. साबातो दोघांशीही भांडला आणि पुन्हा गेला नाही. मालिश करायला आलेल्या बाईला त्याने दारातूनच परत पाठवलं. नुन्झिया सकाळी लोकांच्या घरची साफसफाई करायला जाई. दुपारी परते तेव्हा तो खिडकीपाशी बसलेला असे.

पळणाऱ्यांची बाग म्हणतात त्या बागेच्या टोकाला, काचेमागे, ती माणसं पडली होती. दोन हजार वर्षांपूर्वी, पळता पळता ज्वालामुखीच्या राखेने गाठलेली. देह कुजून राखेत उरलेल्या पोकळीत प्लास्टर ओतून काढलेले ते आकार. एक जण कोपरावर टेकून अर्धवट उठला होता. साबातो त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"मी पडलो त्या वर्षी तू जेनोव्हाला जाणार होतीस ना? बहिणीकडे? कायमची?"

नुन्झियाचे हात खुर्चीच्या मुठींवर थिजले. ही गोष्ट तिने कुणालाही सांगितली नव्हती. बॅग भरून झाली होती, गाडी दुसऱ्या दिवशीची होती, आणि कारखान्यातून निरोप आला होता.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. पलंगाखाली बॅग दिसली होती."

"कधी?"

"आता कुठे आठवतंय." तो काचेकडेच बघत होता. "पश्चात्ताप होतो?"

ती खोटं बोलणार होती, पण बोलली नाही. सुरुवातीला त्याला अंघोळ घालताना तिला त्याचा रोज तिरस्कार वाटायचा. तो कधी ओसरला, तिचं तिलाच कळलं नव्हतं.

"पहिली काही वर्षं झाला. मग नाही. तुला तसं सोडून गेले असते तर माझ्याच मनातून उतरले असते."

साबातोने मागे हात नेऊन मुठीवरचा तिचा हात घट्ट धरला. त्याचे डोळे भरून आले होते.

परत निघाल्यावर, दोन उंच भिंतींमधल्या बोळात, जमीन हलली. खालून घुरघुर आली, भिंतींची माती सुटली. ज्वालामुखीच्या त्या डोंगराच्या पायथ्याशी जन्म काढलेल्यांना ते काय आहे हे सांगावं लागत नाही. लोक मोकळ्या जागेकडे पळत सुटले. नुन्झियाने खुर्ची रेटली. चाक फटीत गेलं. या वेळी ते काही केल्या निघेना.

"तू जा," साबातो म्हणाला. "मला राहू दे."

"गप्प बस."

ती गर्दीतून वाट काढत मागच्या कोपऱ्यावरच्या पहारेकऱ्याकडे धावली. तो लोकांना बाहेर काढत होता. तिने त्याची बाहीच धरली. दोघं परत फिरली आणि दुसरा धक्का बसला. पुढ्यातच भिंतीचा वरचा भाग बोळात कोसळला.

धुरळा बसला तेव्हा खुर्ची आडवी पडून दगडांखाली गेली होती. नुसतं एक चाक दिसत होतं. नुन्झिया गुडघ्यांवर बसली आणि हातांनी दगड उपसू लागली. ती त्याला हाका मारत होती. नखं मोडली, बोटं सोलली. पहारेकरीही वाकून मोठे दगड हलवू लागला. शेवटी खुर्ची मोकळी झाली. खाली फरसबंदी होती.

"बाई, इथे कुणी नाही," तो म्हणाला.

तिला ऐकूच गेलं नाही. ती पुन्हा बाजूचे दगड उचलू लागली. त्याने तिला दंडाला धरून उठवलं आणि जवळजवळ ओढतच बोळाबाहेर, मोकळ्या चौकात आणलं.

लोक दाटीवाटीने उभे होते, कुणी रडत होतं, कुणी फोन लावत होतं. त्या सगळ्यांत पुढे, टाचा उंचावून, बोळाच्या तोंडाकडे बघत साबातो उभा होता.

नुन्झिया दिसताच तो खाली बसला.