बाई आणि बाप्या

“एकशे बारा,” सुलेखा म्हणाली. “दोनदा मोजली, सर.”

“उत्तरं द्यायची चार आणि टेम्प्लेटं एकशे बारा!” श्रीनिवासरावांनी चष्मा कपाळावर चढवला. “लावा बाई कशी तरी. शनिवारपर्यंत.”

जालना रोडवरच्या त्या ऑफिसात दोघंच बसत. बिडकीनकडच्या कारखान्यांना माणसं मिळवून द्यायची, हे काम. अर्ज ईमेलनं येत, उत्तरंही ईमेलनंच जात. रोज तेच ते टाइप करायला नको म्हणून सुलेखानं टेम्प्लेटं साठवली होती. मुलाखतीला या, कागद अपुरे आहेत, क्षमस्व, रुजू व्हा. त्यात मराठीची खोड अशी की बाईला एक पत्र आणि पुरुषाला दुसरं. ‘ते हजर झाले’ आणि ‘त्या हजर झाल्या’. त्यामुळे सगळंच दुप्पट.

पुण्याच्या मुख्य ऑफिसची मेल दोघांनीही वाचली होती. टेम्प्लेटं नीट लागली की इथं एकच माणूस पुरेल. दुसऱ्याचं नाव श्रीनिवासरावांनी शनिवारी कळवावं. सर बावीस वर्षं कायम नोकरीत, सुलेखा तीन वर्षं कंत्राटावर. नाव कुणाचं जाणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. आणि टेम्प्लेटं लावायची तीही तिनंच, म्हणजे आपल्या हातानं आपला पत्ता कापायचा.

घरात पगार तिचा एकटीचा. धाकटी बहीण नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. पावसानं सलग दोन वर्षं पाठ फिरवलेली, मुकुंदवाडीत त्यांच्या गल्लीला टँकर. रांगेत हंडे सरकवता सरकवता तिनं आईला, सत्यभामाबाईंना, सगळं सांगितलं.

“मंग तुलाच उमजंल असं लाव की,” आई म्हणाली. “दुसऱ्याला काय बी घावलं नाय पायजे. मंग कोन काढतंय तुला?”

सुलेखाला ते पटलं. तिनं फोल्डरांना नावंच दिली नाहीत, खुणा दिल्या. क-४, म-७, म-७ जुना. कशात काय आहे ते तिच्या डोक्यात होतं, दुसरीकडे कुठंही नव्हतं. दोन दिवस तिला शांत झोप लागली.

बुधवारी टँकर उशिरा आला आणि ती ऑफिसात पोचायला साडेअकरा वाजले. तोवर सरांनी दोन-तीन उत्तरं पाठवून दिली होती.

“सापडली टेम्प्लेटं?” तिनं घाबरतच विचारलं.

“सापडली की. शोधायला जरा वेळ लागला.”

शुक्रवारी सकाळी दारात एक बाई उभी. चाळिशीची, वैजापूरहून पहिल्या गाडीनं आलेली, काखेत वळकटी. नाव वच्छलाबाई. कारखान्याच्या कँटीनसाठी त्यांना मुलाखतीला बोलवायचं होतं. सरांनी बुधवारी पाठवलेलं पत्र त्यांच्या हातात होतं, त्यात मात्र होतं, ‘आपण रुजू झालात की ओळखपत्र घ्यावे, सोबत अंथरूण आणावे’.

“यात मला बाप्या केलंय,” वच्छलाबाई हसत म्हणाल्या. “‘कर्मचारी म्हणून आपण निवडले गेलात.’ म्हनलं ऱ्हाऊ द्या, काम तर दिलं. तिथलं काम सोडूनच आले मी.”

सुलेखाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपली नोकरी वाचवायला आपण या बाईचं काम घालवलं, दुसरं काही नाही. सरांनी कारखान्याला फोन लावला, हात जोडल्यासारखे बोलले, पुन्हा लावला. पाऊण तासानं तिथला साहेब म्हणाला, आणा त्यांना, आजच बघतो. दुपारी वच्छलाबाईंचा फोन आला. त्यांना कामावर घेतलं होतं.

“सर,” सुलेखा म्हणाली, “त्या खुणा मी मुद्दाम केल्या होत्या. कुणाला कळू नये म्हणून.”

“क-४ वाचलं तेव्हाच कळलं मला.”

“मग बोलला का नाहीत?”

“म्हटलं, तुम्हालाच राहवणार नाही.”

तिनं सगळं मोडून पुन्हा लावलं. माणसाचा अर्ज ज्या वाटेनं जातो त्याच क्रमानं फोल्डर: अर्ज मिळाला, कागद अपुरे, मुलाखत, क्षमस्व, रुजू, कार्यमुक्त. प्रत्येकात दोन कप्पे, ‘बाई’ आणि ‘बाप्या’.

“बाप्या काय? पुरुष लिहा,” सर म्हणाले.

“वच्छलाबाईंचा शब्द आहे, सर. असू द्या.”

सर खुशीत होते. गेले दोन महिने रविवारी ते खुलताबादला मेव्हण्याच्या रोपवाटिकेवर जात. तिथल्या विहिरीला अजून पाणी आहे, हे त्यांनी दहादा सांगितलं होतं. संध्याकाळपर्यंत त्यांनी तिची परीक्षाच घेतली. हे कुठंय, ते काढून दाखवा.

“नव्या माणसाला शिकवायला किती वेळ लागेल?”

“अर्धा तास,” सुलेखा म्हणाली. ती खोटं बोलली नाही. कुणीही येऊन बसावं आणि पत्र सापडावं, असं खरंच लागलं होतं ते. तिला आतून हलकं वाटलं. नोकरी काय, दुसरी शोधू.

शनिवारी सरांनी कार्यमुक्तीचं पत्र काढायला सांगितलं. तिनं टेम्प्लेट उघडलं, नावाची जागा रिकामी ठेवली आणि छापून त्यांच्यापुढे धरलं. ‘त्या आजपासून कार्यमुक्त होत आहेत. त्यांनी प्रामाणिकपणे काम केले.’

“नाव तुम्हीच घाला, सर.”

श्रीनिवासरावांनी कागद शेवटपर्यंत वाचला आणि तिला परत दिला.

“कप्पा चुकला, सुलेखाताई. ‘बाप्या’तलं काढा.”