मोकळ्या रानातला नर

"हलू नकोस," ओपलमामी ओठ न हलवता पुटपुटली.

लॉनी हलला नव्हता. त्याने फक्त नाक फिरवलं होतं. मामीच्या कोटाला डांबरगोळ्यांचा वास मारत होता आणि त्यात तिच्या खालच्या ओठात धरलेल्या तंबाखूचा. मधूनमधून ती शेजारी ठेवलेल्या कॉफीच्या रिकाम्या डब्यात पिंक टाकी. टण्ण. एल्डनमामा गेल्यापासून ही बाई अगदीच गबाळी झाली होती.

"ट्रंका उघडल्यास वाटतं, मामी?"

"हो. जुनं काहीबाही बाहेर काढलं."

दोघं बांधावरच्या काटेरी झुडपांत बसली होती. समोर मका काढून घेतलेलं मोकळं रान, नुसती धसकटं. पार पलीकडे, रस्त्याच्या अंगाला, नर टर्की पिसारा फुलवून उभा होता. धुक्यात मान नीट दिसत नव्हती, पण छातीवर लोंबणारी राठ पिसांची दाढी दिसत होती. एवढी लांब दाढी लॉनीने ह्या वर्षी पाहिली नव्हती.

"पोटावर सरकत जाऊ का?"

"जा की. तू कोपर टेकायच्या आत तो शेजारच्यांच्या रानात असेल." मामीने पिंक टाकली. "मोकळ्या रानात त्याच्याकडे जायचं नसतं, लॉनी. त्याला सगळं दिसतं. त्याला हवं ते दाखवायचं आणि गप्प बसायचं. पाय त्याचे त्यालाच उचलू द्यायचे."

तिने मांडीवरच्या लाकडी पेटीचं झाकण हलकेच घासलं. हुबेहूब मादीचा आवाज निघाला. नर जागचा हलला नाही. वाऱ्याने पिसारा तेवढा थरथरला.

लॉनीने दुर्बीण उचलली. मामीने ती खाली दाबली.

"काच चमकते. मामा असता तर कानाखाली काढली असती."

"पण हा हलत का नाही?"

"म्हातारा आहे. मादीनं आपणहून यावं म्हणून एका जागी दिमाख दाखवत उभा राहतो. तुझा मामा तरी काय वेगळा होता?"

ऊन वर आलं तशी मामी गुडघ्यांवर हात देत उठली. "आज नाही यायचा तो. चल."

दोघं झुडपांच्या आडोशाने रस्त्याकडे निघाली. रस्त्याकडेच्या चरापाशी लॉनीने रुमाल नाकाला लावला. चरात एक टर्की पडला होता. छातीचं मांस तेवढं कापून नेलेलं, दाढी उपटलेली, पायांवरचे काटे छाटलेले. बाकीचं धूड तसंच टाकलेलं. उघड्या बरगड्यांत अळ्या वळवळत होत्या.

"शी! निदान लांब तरी फेकायचं," लॉनी म्हणाला.

मामीने त्याच्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं.

"मी लग्न होऊन आले तेव्हा ह्या भागात एकही टर्की उरला नव्हता. लोकांनी मारून खाल्लेले सगळे. मग मिसुरीच्या दक्षिणेकडून पेटाऱ्यांत घालून आणले. ह्याच रानात सोडले. पेटाऱ्यांची झाकणं मी उघडली. तुझ्या मामानं कितीतरी हिवाळे मक्याच्या कडेच्या ओळी उभ्या ठेवल्या त्यांच्यासाठी. स्वतः पहिला नर मारला तोही किती वर्षांनी! त्यातलं काही म्हणून टाकलं नाही आम्ही. पीसभरसुद्धा नाही."

"कसले लोक असतात," लॉनी म्हणाला. त्याला गाडीत बसायची घाई झाली होती.

"रस्त्यावरनं मारतात. गाडीत बसून. परवा शिकारखात्याचा तो हिरव्या कोटवाला आला होता. म्हणाला, सापडला तर बंदूक जाईल, गाडी जाईल, शिकारीचा परवाना तर कायमचाच."

"सापडायला हवा ना."

"तेच तर." मामीने रानाकडे मान वळवली. "हा शेवटचाच राहिलाय. आणि उभा राहतो तोही मेला रस्त्याला लागून. उद्या पुन्हा बसू. तू येशील ना?"

"येईन की."

"मग मी जाऊन पडते जरा. डोकं ठणकतंय. गोळी घेतली की मला तोफेचाही आवाज येत नाही."

ती डबा काखेला मारून घराकडे फेंगडत गेली. लॉनी तिच्या पाठीकडे पाहत राहिला. उद्या पुन्हा तो वास, पुन्हा ती पिंक. तो गाडीत बसला.

गावातल्या पेट्रोलपंपावर त्याने कॉफी घेतली. दुसरीही घेतली. मग लांबचा फेरा मारून तो त्याच रस्त्यावर परत आला. मामीच्या घराचे पडदे ओढलेले होते.

नर होता तिथेच होता.

लॉनीने गाडी थांबवली, इंजीन चालूच ठेवलं. काच खाली केली. बंदुकीची नळी खिडकीवर टेकवली आणि नेहमीसारखा श्वास रोखला.

एकाच बारात नर आडवा झाला. पिसं उडाली. लॉनीने चर ओलांडला, तारेतून अंग काढलं आणि धावता धावताच कमरेचा सुरा उपसला. छाती, दाढी, काटे काढून घ्यायचे. बाकीचं चरात.

त्याने मानेला धरून पक्षी उचलला. तो उशीइतका हलका लागला. रक्त नव्हतंच. फाटलेल्या छातीतून भुसा भुरूभुरू सांडत होता, एक काचेचा डोळा ढेकळांत पडून चमकत होता आणि भपकन डांबरगोळ्यांचा वास आला.

मागे चरातलं गवत हललं. हिरवा कोट उठून उभा राहिला. आणि त्याच्याही मागून आवाज आला. टण्ण.