मिशी

“बाप जिवंत असताना मिशी काढलीस?” आबा दारातूनच कडाडले.

मी मोबाईलसमोर बसून ऑनलाइन वर्ग घेत होतो. तिसरीतल्या सुगंधाला ऐकू येत नाही. ती ओठ वाचून शिकते. शाळा मोबाईलवर आल्यापासून ती नुसतीच बघत बसायची. काल तिच्या आईनं फोन केला, “सर, एवढ्याशा स्क्रीनवर तुमच्या मिशीमुळे तिला ओठच दिसत नाहीत.”

“सात आठे किती?” मी सावकाश विचारलं. सगळ्यांच्या आधी सुगंधानं छप्पन्न लिहून पाटी कॅमेऱ्यासमोर धरली.

आबा माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. “हिला ओठ दिसावेत म्हणून काढली, आबा,” मी म्हणालो. त्यांनी वाकून ती पाटी वाचली.

“रोज दाढी करूनच बसत जा,” ते म्हणाले. “गावात कुणी विचारलं तर सांग, बापानंच काढायला लावली.”