विठाकाकूचं मत

“शेठ, मेलेली माणसं मत द्यायला कोणत्या दारानं येतात हो?”

द्वारका चौकातल्या विजयसभेत सगळ्या माना वळल्या. “विचारून दाखव!” म्हणून दहावीच्या मैत्रिणींनी चांगुणाशी पैज लावली होती. तिनं विचारलं, तेही बाकड्यावर चढून.

निवडून आलेले, गुलालानं माखलेले रावजीशेठ हसले. “कोण मेलंय, पोरी?”

“माझी विठाकाकू! नळाला गटाराचं पाणी येतं म्हणून तीन वर्षं तुमच्या दारात उभी राहायची. त्याच पाण्यानं कावीळ होऊन दिवाळीत गेली. आणि परवा तिचं मत पडलं!”

मत पडल्याचं गल्लीत सगळ्यांनाच ठाऊक होतं. कुणी टाकलं, हे मात्र कुणी विचारत नव्हतं. बायकांच्या रांगेत डोक्यावरचा पदर पुढं ओढला, की चेहरा निरखून बघायची पद्धतच नव्हती.

“नाव सांग,” शेठ म्हणाले. “आत्ता पोलिसात देतो.”

चांगुणाचे कान तापले. ती बाकड्यावरून खाली उतरली.

मागून पैजवाली मैत्रीण लंका ओरडली, “सांग ना गं! घाबरलीस?”

घरी बाप, देवराम, उंबऱ्यातच उभा होता. बातमी तिच्या आधी पोचली होती.

“अक्कल गहाण टाकलीस का गं? अंबडच्या कारखान्यातली नोकरी शेठच्या चिठ्ठीवर लागलीय माझी! बूथवर त्यांच्या बाजूनं मीच बसलो होतो. सगळं माझ्यावर येईल.”

“येऊ दे!”

“मेलेल्या माणसाला काय फरक पडतो, बाई?” स्टोव्हला पंप मारता मारता आई पुटपुटली.

“जिवंत होती तेव्हा पडत होता ना? तेव्हा कुणी ऐकलं तिचं?” चांगुणाचा आवाज फाटला. “आणि त्याच माणसाला तिचं मत? तिचंच?”

“हळू बोल. शेजारी ऐकतील.”

“ऐकू देत. मी चौकीवर चाललेय. नाव सांगणार.”

देवराम मटकन खाली बसला. “बापाचं नाव सांगशील?”

“तुमचं नंतर, बाबा.” चांगुणानं चपला पायात सरकवल्या. “आधी माझं. तुम्ही सांगितलंत, आणि काकूची साडी नेसून, हसत हसत, शिक्का मीच मारलाय.”