पालथा कप

खांबेट्यांच्या पत्राला आठल्येसरांनी कधी उत्तर दिलंच नाही. ‘तुमच्यासारखंच माझंही स्वरयंत्र कॅन्सरनं नेलं. गुरुवारी आमच्या मंडळात या. हवा गिळून ढेकरावर बोलायला शिकवतो. अट एकच, चहा तोंडानं मागायचा,’ असं त्यांनी लिहिलं होतं. चारचौघांत ढेकर द्यायचा? सरांनी पत्र पुस्तकात दडवलं आणि गळ्यावर मफलर गुंडाळून, पाटीवर लिहून वर्ष काढलं.

परवा नात म्हणाली, “आजोबा, तुमचा आवाज मला आठवतच नाही.” म्हणून आज, गुरुवारी, ते मंडळात आले होते. किटली घेऊन सुलभाबाई समोर आल्या; त्यांच्याही गळ्यावर रुमाल होता. सरांनी कपाकडे बोट दाखवलं.

“बोट दाखवून रिक्षा थांबते, काका,” त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. सगळे हसले. मग सरांच्या पाटीवर लिहिलेलं नाव वाचून त्या थबकल्या. “आठल्येसर तुम्हीच? खांबेटेकाका दर गुरुवारी हा कप तुमच्यासाठी पालथा ठेवायचे. आता लेकीकडं नागपूरला अंथरुणावर आहेत. फोन केला की आधी विचारतात, सर आले का?”

सरांना मान वर करवेना. त्यांनी कप सुलटा केला आणि हवा गिळली. आधी नुसताच वारा आला. पुन्हा गिळली, तेव्हा ढेकरातून ओबडधोबड “चहा” बाहेर पडला. या वेळी कुणी हसलं नाही. किटली पुढं आली.

सुलभाबाईंकडून पत्ता घेऊन ते थेट पोस्टात गेले. कार्डावर लिहिलं, ‘खांबेटे, उत्तराला फार उशीर केला, लाज वाटते. चहा मागितला. मिळाला.’ आणि कार्ड पेटीत टाकलं.