केसांचा टोप

तिसऱ्या मुलीकडून नकार आला, तेव्हा आईने निरंजनला केसांचा टोप आणून दिला. "लग्न होईपर्यंत घाल. नंतर कोण बघतंय!"

टोप घालूनच तो इचलकरंजीला मुलगी पाहायला गेला. पोहे झाल्यावर मोठ्यांनी दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं. कल्याणी मोकळेपणाने बोलू लागली आणि निरंजनला अवघडल्यासारखं झालं. त्याने टोप काढून हातात घेतला.

तिने त्याचं टक्कल नीट न्याहाळलं.

"दात तरी खरे आहेत ना?"

"हो."

तो तसाच खाली आला. त्याच्या आईने डोळे मिटून घेतले. कल्याणीचे वडील उगाच खाकरले.

कल्याणी स्वतःच्या आईला म्हणाली, "आई, यांचा चहा गार झालाय. दुसरा टाक."