हा प्रश्न बंद करण्यात आला आहे

“सापडलं का रे, कण्णा?” विशालाक्षीअम्मांनी तिसऱ्यांदा विचारलं.

कुठल्याही पोराला त्या कण्णा, म्हणजे बाळा, म्हणत. प्रणवेश माउस फिरवत राहिला. पडद्यावर रेकॉर्डिंगच्या फायलींची यादी सरकत होती. नावं तमिळ लिपीत होती. ‘वर्षा हसते.’ ‘वर्षा तापात बडबडते.’ ‘वर्षा मला हाक मारते.’ त्याने शेवटचं उघडलं. स्पीकरमधून नुसती खरखर आली आणि थांबली.

अम्मा पुढे झुकून ऐकत होत्या. खरखर थांबल्यावरही तशाच राहिल्या.

वर्षा ही त्यांची एकुलती मुलगी. दोन वर्षांपूर्वी गेली. तिचा होता नव्हता तेवढा आवाज या हार्डडिस्कमध्ये होता. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या त्या गल्लीत कॉम्प्युटरचं काही अडलं की लोक प्रणवेशला बोलावत. अम्मांना ते फार उशिरा कळलं होतं.

“फॉरमॅट करून डिस्क कोरी कोणी केली, अम्मा?”

“मीच की. डिस्क जोडली की कॉम्प्युटर विचारायचा, फॉरमॅट करू का म्हणून. मला भ्या वाटलं. कोणाला विचारू? मग इंटरनेटवर जाणत्या लोकांची एक जागा मिळाली. तिथे लिहिलं, सर, होय म्हटलं तर माझ्या मुलीचा आवाज राहील का?”

प्रणवेशची बोटं कीबोर्डवर थबकली.

“मिनिटभरात उत्तर आलं. हा प्रश्न शंभरदा विचारून झालाय, आधी शोधायचे कष्ट घ्या. खाली कुलूप, हा प्रश्न बंद म्हणून. मी शोधलं रे. दोन दिवस वाचत बसले. काही उमगलं नाही. एवढ्या लोकांनी विचारलंय म्हणजे साधंच काहीतरी असणार, असं वाटलं. होय दाबलं.”

ते वाक्य प्रणवेशला पाठ होतं. त्याचंच होतं ते. सात वर्षं तो त्या मंचाची राखण करत होता. सारखं टाइप करायला नको म्हणून ते वाक्य त्याने एका बटणावर बसवून ठेवलं होतं. प्रश्नाखालचं ‘वर्षाअम्मा’ हे नावही आता आठवलं. कुलूप लावून त्याने सोबत्यांना कळवलं होतं, ‘आणखी एक आली.’ सगळे हसले होते.

गप्प बसता आलं असतं. डिस्क मेली म्हणायचं आणि उठायचं. पण स्पीकर बंद होता तरी ती खरखर त्याच्या कानातून जाईना.

“अम्मा, ते उत्तर मी दिलं होतं.”

अम्मा त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याने मान खाली घातली. आता त्या हाकलून देतील, रडतील, शिव्याशाप देतील, काहीही चाललं असतं त्याला. त्यांनी पदराने चष्मा पुसला, खुर्ची त्याच्याजवळ ओढली आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या,

“मग तुला ठाऊक असेल. माझ्या विचारण्यात काय चुकलं होतं रे?”